मातींतील जीव आणि त्याची मोजदाद

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला जमिनीची परीक्षा ही नवी गोष्ट नव्हे. पंचगंगेच्या कांठची मळी, चढावरचा मुरमाड माळ आणि पन्हाळा-शाहूवाडीकडील तांबडी माती यांतील भेद तो डोळ्यांनींच काय, तळपायांनींहि ओळखतो. ढेकूळ हातांत घेऊन तें कसें फुटतें हें पाहणें, माती हुंगणें, नांगराच्या तासांत गांडुळें किती वर आलीं हें न्याहाळणें, या सर्व परीक्षाच होत. या परंपरेंतील सर्वांत मार्मिक शब्द म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असें म्हणणाऱ्या जुन्या कुणब्यानें नत्र हा शब्द ऐकला नव्हता. परंतु एका पिकानें मागें ठेवलेलें कांहीं तरी पुढच्या पिकाला लाभतें, हें त्यानें अचूक हेरलें होतें.

मातींत घडणाऱ्या या घडामोडींमागें जिवंत प्राण्यांचा हात आहे, हें सिद्ध व्हावयास १८७७ साल उजाडावें लागलें. श्लोसिंग व म्यूंत्झ या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपत सोडलें. सुमारें वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. नंतर त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्यांतील द्रव्य, येऊं लागलें. ही क्रिया निव्वळ रासायनिक असती तर तिला वीस दिवस खोळंबण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद झालें. वाफ काढून टाकून थोड्या मातीचें धोवण ओतलें. कांहीं दिवसांनीं क्रिया पूर्ववत् चालू झाली. गुंगीच्या औषधानें जें थांबतें आणि चिमूटभर मातीनें जें पुनः उपजतें, तें जिवंतच असलें पाहिजे. इतक्या साध्या साधनांनीं इतका मोठा निर्णय शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच झाला असेल.

पुढील कांहीं वर्षांत गांठी भराभर सुटल्या. १८८६ मध्यें जर्मनींतील हेलरीगेल यानें द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींचें रहस्य सांगितलें, आणि बेवडाचें कोडें उलगडलें. १८८८ मध्यें बायेरिंक यानें त्या गांठींतील जंतु वेगळे केले. १८९० मध्यें विनोग्राडस्की यानें श्लोसिंगच्या नळींतील अदृश्य कामकरी हातीं धरले.

हिंदुस्थानांत १९०५ मध्यें बिहारांतील पुसा येथें मध्यवर्ती कृषि-संशोधनसंस्था निघाली. १९२० मध्यें एन. व्ही. जोशी यांनीं द्विदलांच्या गांठींतील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आपल्या देशांतील या विषयाचा आरंभ मानला जातो. १९२५ मध्यें सहस्रबुद्धे व दाजी यांनीं दख्खनच्या जमिनींत नत्राची भरपाई आपोआप कशी होते, याचा शोध घेतला. आल्बर्ट हॉवर्ड हाहि पुशाचाच. हिंदी शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच आपले गुरु मानणारा हा विलक्षण अधिकारी पुढें इंदूरला गेला आणि १९३१ मध्यें त्यानें कंपोस्टाची इंदूर पद्धत पुस्तकरूपानें मांडली.

तथापि या जिवांची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न दीर्घकाळ अडून राहिला. काचेच्या तबकडींतील खाद्यावर जंतु वाढवून मोजावे, तर मातींतील शंभरांतला एखादाच तेथें उगवतो. यावर १९७६ मध्यें इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें जेन्किन्सन व पौल्सन यांनीं काढलेली तोड मोठी गमतीची आहे, कारण तिच्यासाठीं त्यांनीं जुना क्लोरोफॉर्मच हातीं घेतला. त्याच्या वाफेनें मातींतील जीव मारावे, वाफ काढून टाकावी आणि थोडी जिवंत माती मिसळावी. नवे जीव मेलेल्यांवर जगतात आणि कर्बवायु सोडतात. न मारलेल्या मातीपेक्षां दहा दिवसांत जो वायु अधिक निघेल, त्यावरून मूळच्या जिवांचें वजन काढतां येतें. दुसरी एक परीक्षा रंगाची आहे: टेट्राझोलियम नांवाचें रंगहीन द्रव्य जिवंत मातींत मिसळलें असतां लाल होतें, लाली जितकी गडद, तितका जिवांचा श्वसनव्यापार अधिक.

या सर्वांचा कोल्हापुराशीं संबंध काय? राधानगरीच्या धरणाचा संकल्प शाहू छत्रपतींनीं केला, नदीकांठीं पाणी खेळलें आणि उसाचें राज्य झालें. उसाला युरिया पडतो. पण त्याचें नायट्रेट करणारे मातींतील जंतूच होत, आणि त्यांना हवा लागते. सरींत पाणी तुंबून वाफसा हरपला कीं हे कामकरी थंडावतात. उलट नायट्रेट फोडून नत्र हवेंत उडवून देणारे दुसरे जंतु माजतात. शेतकऱ्याचा पैसा असा डोळ्यांदेखत, पण न दिसतां, उडून जातो. शिरोळकडील क्षारपड व पाणथळ रानांची व्यथा यापेक्षांहि खोल आहे.

तीच गोष्ट पाचटाची. हेक्टरीं ८ ते १० टन पाचट एका काडींत जाळणें सोपें, पण तें सूक्ष्मजीवांचें वर्षाचें धान्य होय. टनामागें ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारें जिवाणूखत दिल्यास तें खोडव्याच्या सरींतच कुजतें. युरिया एवढ्यासाठीं कीं पाचट कुजवितांना जंतु मातींतला नत्र स्वतःसाठीं ओढून घेतात.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तींत १२ गोष्टी पाहतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पांच सूक्ष्म द्रव्यें, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. उपक्रम उपयुक्त खरा. परंतु आरोग्य हें नांव धारण करणाऱ्या या पत्रिकेंत जिवंत असें कांहींच मोजलेलें नाहीं. सेंद्रिय कर्ब म्हणजे कणगींतलें धान्य. घरांत जेवणारीं माणसें किती, हें त्यावरून कळत नाहीं. जाळलेल्या आणि न जाळलेल्या दोन रानांचे पहिले अकरा आंकडे सारखे येऊं शकतात, आणि तरीहि एकाचा खोडवा दुसऱ्याहून फिका निघूं शकतो.

ही जैविक परीक्षा करूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यानें एक सवय मात्र मोडावी. रासायनिक तपासणीसाठीं नमुना सावलींत वाळवून, चाळून पिशवींत भरतात. जिवांच्या तपासणीसाठीं तो वाळवितां कामा नये. एकाच ऋतूंत, वाफशावर, शेताच्या अनेक जागांहून वीतभर खोलीची माती घ्यावी, ओलीच ठेवावी, उन्हापासून जपावी आणि शक्य तितक्या लौकर थंड स्थितींत प्रयोगशाळेंत पोंचवावी. बांधावरची न नांगरलेली मातीहि दुसऱ्या पिशवींत बरोबर द्यावी, म्हणजे शेताचे आंकडे कशाशीं ताडून पाहावयाचे हा प्रश्न उरत नाहीं.