गायतोंडे : खरवडलेल्या रंगाचा इतिहास

१/ डिसेंबर २०१३. मुंबईतील क्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक तैलचित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. आकडा गाजला, ते चित्र घडले कसे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

२/ गायतोंडे मूळचे गोमंतकीय कुटुंबातले, जन्म १९२४, नागपूर. १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. आरंभीच्या चित्रांत मनुष्याकृती होत्या, लघुचित्रशैलीचा आणि पॉल क्ले यांचा प्रभाव होता. पन्नाशीच्या दशकाअखेरीस त्या आकृती विरून गेल्या.

३/ १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तिथे मार्क रॉथको यांना भेटले. 'रॉथकोंमुळेच ते अमूर्ताकडे वळले' असे सर्रास म्हटले जाते. कालक्रम पाहिला की हे विधान टिकत नाही. वळण आधीच येऊन गेले होते. शिवाय 'अमूर्त' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपली चित्रे ते वस्तुनिरपेक्ष मानत.

४/ त्यांची साधने साधी होती: रोलर, पॅलेट नाईफ आणि मासिकां-वर्तमानपत्रांचे फाडलेले कागद. रोलरने रंगाचा थर द्यायचा, सुरीने तो खरवडायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवायचा किंवा उचलून घ्यायचा. मग पुन्हा थर.

५/ म्हणजे इथे दुरुस्ती ही चूक झाल्यानंतरची डागडुजी नव्हे. काढून टाकणे हीच रंगवण्याची रीत. खालचा थर पुरता पुसला जात नाही, वरच्या थरातून झिरपत राहतो. जुने लेखन खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रासारखाच हा प्रकार. यात घाई चालत नाही, म्हणून वर्षाकाठी हातून मोजकीच चित्रे पूर्ण होत.

६/ १९८४ मध्ये दिल्लीत अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे काही वर्षे अशक्य झाले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. शाईला खरवडण्याची सवलत नसते. उमटलेली रेघ तशीच राहते. आयुष्यभर थर उतरवणाऱ्या हाताला आता एकाच फटक्यात निर्णय घ्यावा लागला.

७/ २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याच्या शीर्षकातच चित्रकलेला 'प्रक्रिया' म्हटले होते.

८/ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे चित्र दिसले, तर 'हे कशाचे चित्र?' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा. जवळ जाऊन पाहावे : कुठला रंग आधीचा, कुठला नंतरचा, आणि कुठला काढून टाकूनही उरला आहे.