जपानी तरवारीची पारख : नव्या संग्राहकासाठीं कांहीं कसोट्या

जुन्या कागदाची परीक्षा करतांना संशोधक केवळ शिक्का पाहून हुरळून जात नाहीं. कागद, शाई, अक्षराचें वळण, मायना व कालगणना हीं सर्व एकमेकांस साक्ष देतात कीं नाहींत हें तो आधीं पाहतो, आणि मगच शिक्क्यास मान देतो. शस्त्रांच्या बाबतींत मात्र ही शिस्त पुष्कळदां सुटते. आपल्याकडील फिरंग तरवारींची मूठ देशी व पातें विलायती असतें. शिवाय त्या पात्यांवर नामांकित यूरोपीय कारागिरांचीं नांवें भलत्याच हातांनीं उठविलेलीं आढळतात. जपानी तरवारीविषयींही हाच धोका आहे, किंबहुना अधिक आहे. अलीकडे अशा तरवारींचा संग्रह करण्याची हौस वाढत असल्यामुळें, नवशिक्यानें काय पाहावें व कोणत्या क्रमानें पाहावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या लोकांचा या शस्त्राशीं निकट संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धांत. इ. स. १९४४ च्या मार्चांत मणिपुरांतील सांगशाक येथें पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपानी फौजेशीं झुंजली. पुढें इ. स. १९४५ मध्यें जपान शरण आल्यावर आग्नेय आशियांतील जपानी अधिकाऱ्यांनीं आपल्या तरवारी ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या हवालीं केल्या. त्यांपैकीं कित्येक विजयचिन्हें म्हणून घरोघरीं गेल्या. या तरवारींचा लष्करी पोशाख पाहून त्या सर्व एकाच तोलाच्या मानणें ही पहिली चूक होय. इ. स. १९३५ च्या नमुन्याची, कनिष्ठ अधिकाऱ्यांस दिलेली तरवार कारखान्यांत यंत्रावर तयार झालेली असून तिच्या पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. उलट, इ. स. १९३४ व १९३८ च्या नमुन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुठींत क्वचित् वडिलोपार्जित, तीन-चारशें वर्षांचें पातेंही बसविलेलें सांपडतें. सबब मूठ व म्यान यांची परीक्षा वेगळी आणि पात्याची वेगळी, हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट मापाची. जपानी माप 'शाकु', म्हणजे सुमारें ३०.३ सेंटिमीटर. अणीपासून पाठीवरील खांचेपर्यंत सरळ रेषेंत मोजून दोन शाकूंहून अधिक भरल्यास ती लांब तरवार, एक ते दोन शाकूंच्या दरम्यान 'वाकिझाशी', व एकाहून कमी असल्यास 'तांतो' म्हणजे कट्यार. लांब तरवारींतही दोन भेद आहेत. 'ताची' ही धार खालीं ठेवून कमरेस लटकवीत. 'काताना' ही धार वर ठेवून कमरपट्ट्यांत खोंवीत. कारागिराची सही सामान्यतः बाहेरील अंगास येत असल्यामुळें ती कोणत्या बाजूस आहे यावरून हा भेद बहुधा कळतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मुठींत लपलेलें पात्याचें शेपूट. त्यास जपानी लोक 'नाकागो' म्हणतात. बांबूची खुंटी काढली म्हणजे मूठ निघते व हा भाग दृष्टीस पडतो. त्यावरील गंज हा मळ नव्हे, तो पुरावा आहे. जुन्या पात्याचा गंज काळसर तपकिरी, सखोल व एकजीव असतो. कृत्रिम गंज तांबूस, भुरभुरीत व वरवरचा असतो. कानशीच्या रेघांची दिशा, खुंटीच्या भोंकांची संख्या व शेपटाचा आकार यांवरून घराणें व काल यांचा तर्क करतां येतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं हौसेनें हा भाग विटेच्या भुकटीनें घांसून लखलखीत केला. तरवार खरी होती. परंतु तिचें वय सांगणारा साक्षीदार त्यांनीं स्वहस्तें नाहींसा केला, आणि तो आतां कोणत्याही उपायानें परत येणें नाहीं.

चौथी कसोटी पाण्याची. पात्यावर मातीचा लेप देऊन, तो धारेपाशीं पातळ ठेवून, तापवून पाण्यांत बुडविल्यानें धार कठीण होते व पाठ लवचीक राहते. त्या दोहोंच्या सीमेवर उमटणारी रेषा म्हणजे 'हामोन'. भिंगाखालीं खऱ्या रेषेंत बारीक चमकदार कण किंवा धुक्यासारखा पट्टा दिसतो. आम्लानें काढलेली रेषा सर्वत्र सारखी, फिकट व निर्जीव असते. येथें एक सावधगिरी हवी : जपानी शिकलगार धारेलगत पांढरी छटा मुद्दाम देतो, तीच रेषा समजूं नये. लोखंडाच्या घड्यांचा पोतही पाहावा. तो खऱ्या पात्यांत सूक्ष्म असतो. आजच्या बनावट मालांत तो लांकडाच्या शिरांसारखा भडक दिसतो.

सही शेवटीं वाचावी. खोट्या सहीस 'गिमेई' असें नांवच आहे, यावरून तिचा प्रसार ध्यानीं येईल. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील सागामी प्रांताचा मासामुने याच्या सहीचीं अस्सल कामें अत्यंत विरळ; तेव्हां त्याच्या सहीची लांब तरवार बाजारांत दिसली तर संशयच धरावा. उलटपक्षीं, जुन्या लांब ताची पुढील काळांत आंखूड करतांना शेपूट कापलें जाऊन सही गेली. अशीं निनांवी पातीं कित्येकदां सहीच्या पात्यांहून मोलाचीं ठरतात. नांव नाहीं म्हणून वस्तु हलकी नव्हे, व नांव आहे म्हणून खरी नव्हे.

दोषांपैकीं धारेस आडवी गेलेली चीर, 'हागिरे', ही असाध्य होय; असें पातें नव्या संग्राहकानें घेऊं नये. आगींत सांपडून पाणी उतरलेल्या व पुन्हां पाणी दिलेल्या पात्यांचें मोलही पुष्कळ कमी होतें. गंजलेलें पातें स्वतः घांसूं नये. पात्यास बोटही लावूं नये.

खरेदीस निघण्यापूर्वीं उत्तम नमुने पाहून डोळा तयार करावा. तोक्यो येथें इ. स. १९४८ मध्यें स्थापन झालेली जपानी तरवारींच्या संरक्षणाची संस्था परीक्षा करून श्रेणीवार दाखले देते. पहिली खरेदी अशा दाखल्याच्या साध्या वाकिझाशीची करणें शहाणपणाचें. जपानांत इ. स. १९५८ च्या कायद्याप्रमाणें तरवारीची नोंदणी आवश्यक आहे, व ती देशाबाहेर नेण्यास सांस्कृतिक खात्याची मान्यता लागते. आपल्याकडे इ. स. १९५९ चा शस्त्र-कायदा आहे. पैसे देण्यापूर्वीं परवान्याची चौकशी करावी.

हा सर्व खटाटोप केवळ पैसा वांचविण्यासाठीं नव्हे. तोकुगावा घराण्याची होंजो मासामुने ही तरवार इ. स. १९३९ मध्यें राष्ट्रीय निधि ठरली होती. इ. स. १९४५ च्या अखेरीस ती विजेत्यांच्या हुकुमानें तोक्योंतील पोलिस ठाण्यांत जमा झाली व तेव्हांपासून तिचा मागमूस नाहीं. कागोशिमा येथील तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुनेकृत ताचीही अशीच गेली होती. पण ती अमेरिकेंत वॉल्टर कॉम्प्टन नामक संग्राहकाच्या हातीं पडली. त्यानें ती ओळखली आणि इ. स. १९६३ मध्यें मोबदला न घेतां देवस्थानास परत केली. एका ठिकाणीं वस्तु हरवली ती हरवलीच, दुसऱ्या ठिकाणीं परत आली. हें अंतर पाहणाऱ्याच्या डोळ्यानें पाडलें. तो डोळा कमावणें हेंच संग्राहकाचें पहिलें भांडवल, असें आम्ही समजतों.