रसशाळेची भट्टी आणि घरची चूल

किमया म्हटली की तांब्याचे सोने करणारा एखादा जटाधारी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर म्हणावयाचे) ही कल्पना परकी नाही. गुरूंचा सोन्याच्या विटेवरील मोह सुटावा म्हणून गोरक्षनाथांनी गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखविला, ही ‘नवनाथ भक्तिसारा’तील कथा आपल्या आयाबाया श्रावणात वाचीत आल्या आहेत. भगिनींनो, त्या रसविद्येने सोने पिकविले नाही. औषधे मात्र दिली. त्या औषधांचा इतिहास आपल्या चुलीशी किती जवळचा आहे, ते सांगावे म्हणून हा लेख.

रसशास्त्राचा मोठा ग्रंथ ‘रसरत्नसमुच्चय’ साधारण तेराव्या शतकातला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९० साली छापला. त्यात पारा, गंधक आणि धातू यांचे संस्कार आहेत. पण वनस्पतींवाचून त्यांतले पुष्कळ संस्कार पुरे होत नाहीत. कोरफडीचा, लिंबाचा, लसणीचा रस घालून खलात घोटीत राहावयाचे, रस आटला की पुन्हा घालावयाचा. यालाच भावना देणे म्हणतात. युरोपात पॅरासेल्सस (१४९३–१५४१) या वैद्याने किमयेचे काम सोने करणे नसून औषध करणे आहे, असे बजावले. त्याच्या पंथाचे लोक वनस्पती जाळून राखेतून क्षार काढीत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ही कृती त्याच्या कितीतरी आधी आली आहे : राख सहापट पाण्यात कालवावी, एकवीस वेळा गाळावी आणि ते पाणी आटवावे. आघाड्याचा क्षार असाच निघतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, असे आजचे रसायनशास्त्र सांगते. भांडी राखेने स्वच्छ निघत, त्याचे एक कारण हेच.

आता तेल सिद्ध करण्याचे पाहा. शार्ङ्गधराचे प्रमाण असे : कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. कल्काची बोटांत वात वळली, आणि ती विस्तवावर धरता तडतडली नाही, की पाणी उडाले व तेल झाले असे समजावे. माझ्या आजेसासूबाईंनी शार्ङ्गधराचे नावही ऐकले नव्हते. पण माक्याचे तेल उतरविताना त्या हीच परीक्षा करीत. पोथीतले शास्त्र त्यांच्या बोटांत होते. मात्र त्यांच्यामागे ते कोणी लिहून ठेविले नाही.

लिहिण्याचे आणि शिकविण्याचे काम आपल्या शहरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी केले. १९१७ साली येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ वैद्यांच्या हाती आजही दिसते. गुरूच्या घरी कानोकानी चालणारी विद्या अशा रीतीने वर्गात आणि छापील पानावर आली.

ती तशी येणे फार जरुरीचे होते, कारण या विद्येत चूक जिवावर बेतते. बचनाग विषारी, तो कापडात बांधून, दूध किंवा गोमूत्र भरलेल्या मडक्यात लोंबता ठेवून शिजवितात. या मडक्याला दोलायंत्र म्हणतात. दीर्घकाळ शिजल्याने बचनागातील विषाचा जोर पुष्कळ कमी होतो, असे आधुनिक परीक्षणातही दिसले आहे. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे तेल शोषून घेतात. यातली एक पायरी गाळली तर औषधाचे विष होते. पारा किंवा शिसे असलेली भस्मे नीट न केल्यास मूत्रपिंडावर व मज्जातंतूंवर घाला घालतात. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र तरतूद झाली, ती उगीच नव्हे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खुल्या पुडीतले, नाव-पत्ता नसलेले भस्म कोणी कितीही गोड बोलून दिले तरी घरात घेऊ नये, मुलांना व गर्भवतींना तर मुळीच देऊ नये. आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांच्या तेलांच्या, काढ्यांच्या कृती प्रमाणासह वहीत उतरवून घ्याव्यात, व जाणत्या वैद्याला दाखवाव्यात. कोणते ठेवावे आणि कोणते सोडावे, हे त्याखेरीज कळणार नाही.