मानेवरच्या पुळ्या आणि डोळ्यांचा पडदा

आज एका दुर्मिळ, आनुवंशिक आजाराचा इतिहास सांगते. नाव अवघड आहे, स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम. डॉक्टर थोडक्यात पीएक्सई म्हणतात.

यात मानेच्या बाजूंना, काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला बारीक पिवळसर पुळ्या येतात. कातडी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते. दुखत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण शरीरातल्या लवचिक तंतूंवर कॅल्शियम साचून ते कडक होत असतात. डोळ्याच्या पडद्यामागे चिरा पडतात, रक्तवाहिन्या ताठर होतात.

इंग्लंडच्या डॉ. डॉइन यांनी १८८९ साली डोळ्यांतल्या चिरा नोंदवल्या. फ्रान्सच्या डॉ. दारिए यांनी १८९६ साली त्वचेच्या आजाराला नाव दिलं. कातडीचे डॉक्टर कातडी बघत राहिले, डोळ्यांचे डॉक्टर डोळे. हा एकच आजार आहे, हे १९२९ साली स्वीडनमध्ये दोघांनी मिळून दाखवलं. एक होत्या नेत्रतज्ज्ञ एस्टर ग्रोनब्लाड, दुसरे त्वचातज्ज्ञ जेम्स स्ट्रँडबर्ग.

पुढचं पाऊल एका आईचं. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या शॅरन टेरी यांच्या दोन्ही मुलांना हा आजार असल्याचं कळलं. संशोधकांचे दोन गट मुलांचं रक्त वेगवेगळं मागू लागले, एकमेकांना द्यायला तयार नव्हते. शॅरन आणि त्यांचे पती, दोघंही डॉक्टर नव्हते. त्यांनी १९९५ मध्ये रुग्णांची संघटना बांधली, सगळ्यांचे नमुने एकत्र ठेवले. २००० साली एबीसीसी६ हे सदोष जनुक सापडलं, त्या शोधात शॅरनही होत्या. आपल्या गटात एकेकटीची थोडी बचत एकत्र आली की काम उभं राहतं, तसंच हे.

सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं, तरच आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. नात्यात लग्न झालं तर हा धोका वाढतो. त्यामुळे एकट्या आईला बोल लावू नका. हा आजार स्पर्शानं पसरत नाही.

पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही, पण नजर जपता येते. मानेवर अशा पुळ्या असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि डोळ्यांत थेंब घालून पडदाही तपासून घ्या. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेळेत डोळ्यात इंजेक्शन दिलं, तर बऱ्याच जणांची नजर टिकते. चालताना पोटऱ्या दुखणं, शौचाला काळं होणं, हेही डॉक्टरांना सांगा.

कातडी आणि डोळे यांची सांगड घालायला डॉक्टरांना चाळीस वर्षं लागली. आपल्याला ती आज ठाऊक झाली. पुढच्या बैठकीत ती बाकीच्या जणींनाही सांगा.