रुसलेला नवरदेव आणि हरवलेलं काव्य

अमेरिकेत 'आमिश रोमान्स' नावाचा एक मोठा धंदा आहे. बेव्हर्ली लुईसच्या 1997 सालच्या 'द शनिंग' पासून त्याला बहर आला. मुखपृष्ठावर पांढऱ्या टोपीतली मुलगी, मागे शेत आणि घोडागाडी. आत एकच गोष्ट फिरवून फिरवून: कोणीतरी रागावून घर सोडतं, प्रेम तुटतं, आणि पुढे दुसरी संधी मिळते. हसायला सोपं आहे, पण मंडळी, हीच गोष्ट आपल्याकडे हजार-अकराशे वर्षांपूर्वी एका जाड्या पंडितानं लिहून ठेवलीय. आणि तिचा शेवट होतो चक्क आपल्या वाशीममध्ये!

(जाड्या म्हणजे विद्वत्तेनं. तब्येतीचं माहीत नाही.)

पंडित म्हणजे राजशेखर. इसवी सन 900 च्या आसपास कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता, पण घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ म्हणजे कवींसाठी मॅन्युअलच. आणि मॅन्युअलमध्ये मधेच ही कथा येते.

सरस्वतीला मुलगा होतो, काव्यपुरुष. एकदा ब्रह्मदेवाच्या सभेत वाद होतो आणि तो सोडवायला सरस्वतीला बोलावणं येतं. पोरगा मागे लागतो. आई म्हणते, तुला परवानगी नाही, तू घरी जा. झालं! साहेब रुसून निघून जातात. त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागतो. मग गौरी विचार करते की माणसाला बांधून ठेवायला प्रेमाखेरीज दुसरी दोरी नाही, आणि साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्यामागे पाठवते.

पुढचा पाठलाग म्हणजे भारतदर्शन आहे. आधी पूर्वेकडे. तिथे ती जो वेष करते, जशी नाचते, ते त्या देशाचं होतं. पण हा ढिम्म. तेव्हा त्याच्या तोंडून जी अवजड, समासांनी भरलेली भाषा निघते ती गौडी रीती. मग पांचाल देश. तिथे गडी जरा विरघळतो, भाषाही जरा हलकी होते. मग अवंती, आणि शेवटी दक्षिण. इथे तो पुरता तिच्या अधीन होतो आणि बोलतो ती वैदर्भी, सगळ्यांत सुकुमार. विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह लागतो. या नगराला राजशेखर कामदेवाचं क्रीडास्थान म्हणतो. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

साहित्यशास्त्रातल्या रीतींचा रुक्ष तक्ता या माणसानं प्रेमकथेत बसवला, हे मला भारी वाटतं. राग उतरत जातो तशी भाषा मऊ होत जाते. व्याकरणाच्या पुस्तकात इतकं कोण सांगतं?

पण वाशीमच का? राजशेखराला हे गाव आवडत असावं. त्याच्या 'कर्पूरमंजरी' नाटकाची नायिकाही वच्छोमहून, म्हणजे वत्सगुल्महूनच, मंत्राच्या जोरावर आणली जाते. मला वाटतं की यामागे त्या गावाची जुनी कीर्ती असावी. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी इथे एक राजा कवी होऊन गेला होता.

हा राजा सर्वसेन, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक, चौथ्या शतकातला. गंमत म्हणजे अशी वेगळी शाखा होती हेच विसाव्या शतकापर्यंत माहीत नव्हतं. 1939 साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याच्या 37 व्या राज्यवर्षातला, वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात. अजिंठ्याच्या 16 नंबरच्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखातही सर्वसेनाचं नाव होतं, पण नीट वाचलं गेलं नव्हतं. ताम्रपट मिळाल्यावर वा. वि. मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला आणि कोडं सुटलं.

सर्वसेनानं माहाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं महाकाव्य लिहिलं. विषय? पुन्हा रुसवाच! सत्यभामा रुसते, आणि तिची समजूत काढायला कृष्ण थेट इंद्राशी भांडून पारिजात आणतो. आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त सर्वसेनाला शाबासकी दिलीय की रसासाठी त्यानं मूळ कथानक बदलायचं धाडस केलं. अभिनवगुप्त खुलासा करतो की प्रियेच्या मनधरणीसाठी पारिजातहरण हा तो बदल. कुंतक तर सर्वसेनाचं नाव कालिदासाच्या जोडीनं घेतो. शिवाय सवत रुक्मिणी ही विदर्भाची लेक, आणि विदर्भातला राजा काव्य लिहितो ते सत्यभामेच्या रुसव्यावर. माहेरचे लोक काय म्हणाले असतील कोण जाणे.

आणि हे काव्य आज नाही. हरवलं. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाचं 'सेतुबंध' टिकलं, अकबराच्या काळातही त्यावर टीका लिहिली गेली. 'हरिविजय'च्या नशिबी ते नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला, बॅकअप नाही, उरल्या फक्त दुसऱ्यांच्या लॉग फाइली. पण त्या लॉग फाइलीच कामाला आल्या. भोजराजानं अकराव्या शतकात 'सरस्वतीकंठाभरण' आणि 'शृंगारप्रकाश' लिहिताना उदाहरणं म्हणून प्राकृत गाथा भरभरून दिल्या, बऱ्याचदा कवीचं नाव न देता. प्रा. व्ही. एम. कुलकर्णींनी त्यांतून 'हरिविजय'चे तुकडे हुडकले: प्रसंग कुठला, बोलणारं कोण, छंद जुळतो का, असं एकेक तपासून. रुसलेल्या सत्यभामेचा राग कळण्याइतपत तरी काव्य त्यातून परत मिळालं.

असो. 'काव्यमीमांसे'तली ती कथा तिसऱ्या अध्यायात आहे. अध्याय छोटा आहे, रविवारच्या दुसऱ्या चहाच्या आत संपतो.