जुगुप्सा कोणाची? : पालि वाङ्मय आणि लेणीशिल्पांतील विरूपाचा अर्थ

चांदूर रेल्वे, बडनेरा, मूर्तिजापूर या बाजूचे उपासक-उपासिका भुसावळमार्गे जळगावला उतरून अजिंठ्यास जातात. सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवरील महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पापुढे ते नतमस्तक होतात आणि त्याच भिंतीवर थोडे पुढे गेल्यावर थबकतात. तेथे भूमिस्पर्श मुद्रेत बसलेल्या तथागतांभोवती अक्राळविक्राळ तोंडांचे, शस्त्रे उगारलेले जीव दाटले आहेत. हत्तीवर आरूढ झालेला मार आहे, खाली त्याच्या कन्या आहेत. धम्माच्या स्थळी हे हिडीस आकार कशासाठी, असा प्रश्न अभ्यासवर्गांतून आम्हांस वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

पाश्चात्त्य कलाविचारात अशा आकारांना ‘ग्रोटेस्क’ म्हणतात. या शब्दाचे मूळ गुहेत आहे. इसवी सन 1480 च्या सुमारास रोममध्ये नीरो राजाच्या गाडल्या गेलेल्या प्रासादाची दालने सापडली. लोक त्यांत गुहेत उतरावे तसे उतरले आणि भिंतींवर माणूस, पशू व वेली एकमेकांत मिसळलेली चित्रे त्यांनी पाहिली. इटालियन भाषेतील गुहावाचक ‘ग्रोत्ता’वरून त्या चित्रांना नाव पडले. पुढे वोल्फगांग कायझर (1957) या जर्मन अभ्यासकाने विरूपात परक्या झालेल्या जगाचे भय पाहिले, तर रशियन विचारवंत बाख्तिन (1965) याने त्यात सामान्य जनांचे मुक्त हास्य पाहिले. हे दोन्ही अर्थ आपल्या लेण्यांतही आढळतात. परंतु आपल्या भूमीत त्याहून मोठा प्रश्न आहे. विरूप कोणास म्हणावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

‘जुगुप्सा’ हा शब्द पाहावा. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा हा आहे. तेथे तो प्रेक्षकाच्या मनाचा एक विकार आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र हाच शब्द माणसावर शिक्क्यासारखा उमटविला आहे. नामकरणाचा नियम सांगताना ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे तेथे विधान आहे. बालक जन्मले, अद्याप त्याने काही बरे-वाईट केले नाही, तोच त्याच्या नावात किळस भरावी अशी ही व्यवस्था होय. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याची भाषिक हिंसा किती खोल होती हे या एका शब्दावरून कळते.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या अट्ठकनिपातात वेरंज ब्राह्मणाचा प्रसंग आहे. श्रमण गोतम वृद्ध ब्राह्मणांना अभिवादन करीत नाहीत, म्हणून तो त्यांना एकामागून एक दूषणे देतो. त्यांतील एक दूषण ‘जेगुच्छी’, म्हणजे किळस करणारा, हे आहे. तथागत ते नाकारीत नाहीत. त्याचा अर्थ पालटतात. काया, वाचा व मन यांच्या दुराचाराची आपणास किळस आहे, या अर्थाने आपणास जेगुच्छी म्हणता येईल, असे ते सांगतात. जुगुप्सेचे स्थान जन्मावरून व देहावरून काढून कृतीवर नेण्याचे हे कार्य लहान नव्हे.

देहाच्या बाबतीतही तथागतांनी भेद ठेवला नाही. खुद्दकपाठात शरीराचे बत्तीस भाग मोजले आहेत: केस, नखे, दात, त्वचा, रक्त, मूत्र इत्यादी. ही अशुभ भावना साधकाने प्रथम स्वतःच्या देहाविषयी करावयाची असते. राजा व चांडाळ यांच्या शरीरांत वेगळे भाग निघत नाहीत. सर्वांचेच शरीर तसे असेल, तर एकट्याला अमंगळ ठरविण्यास आधार उरत नाही.

येथे अभ्यासकाने एक गोष्ट झाकू नये. संयुत्त निकायात हीन मानलेल्या कुळात जन्मलेल्या व्यक्तीचे साचेबंद वर्णन येते. चांडाळ, वेन, निषाद, रथकार, पुक्कुस अशी कुळे सांगून ती व्यक्ती ‘दुब्बण्ण’, ‘दुद्दसिक’, ‘ओकोटिमक’, म्हणजे कुरूप, पाहवत नाही अशी व बुटकी असते, असे म्हटले आहे. त्या काळच्या समाजाची दृष्टी या भाषेत शिरली आहे. परंतु त्याच सुत्तात अशी व्यक्ती सदाचरणाने अंधारातून प्रकाशाकडे जाते आणि उच्च कुळातील रूपवान व्यक्ती दुराचरणाने अंधारात पडते, असेही सांगितले आहे. आणि हीच तीन विशेषणे उदान ग्रंथात लकुण्टक भद्दिय या थेरांविषयी येतात. भिक्खूही त्यांची अवहेलना करीत. तथागतांनी मात्र त्यांचे थोरपण भिक्खूंसमोर सांगितले. मधुर स्वराच्या भिक्खूंत ते अग्र गणले गेले. ज्या शब्दांनी समाज माणसाला खाली ढकलीत होता, तेच शब्द एका अर्हताच्या वर्णनात आले आणि त्यांचा डंख गेला.

लेण्यांच्या शिल्पींनी हा भेद ओळखला होता. पितळखोरे येथे इसवी सनापूर्वीच्या काळातील एक यक्षमूर्ती मिळाली. ठेंगणा देह, सुटलेले पोट, डोक्यावर पात्र आणि मुखावर प्रसन्न हसू. तिच्यावर कण्हदास नामक सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. हे विरूप भिवविण्यासाठी नाही. घडविणाऱ्या कारागिराने त्यावर आनंदाने आपले नाव घातले आहे.

अजिंठ्याची मारसेना याहून वेगळी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात तेथे मोठे काम झाले. त्याचा अमात्य वराहदेव याने सोळावे लेणे दान केले. सव्विसावे लेणे भिक्खू बुद्धभद्र यांनी अश्मकाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ करविले. पहिल्या लेण्यातही मारविजय रंगविला आहे. ही सेना कोणत्या जमातीची वा वर्णाची नाही. सुत्तनिपातातील पधान सुत्तात तिची नावेच दिली आहेत: कामवासना, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, शंका, दुराग्रह. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात माराची लेकरे म्हणजे मनातील दुष्ट विचार व वासना, असाच अर्थ केला. भिंतीवरची ती भेसूर तोंडे बाहेरच्या कोणा शत्रूची नव्हेत; ती पाहणाऱ्याच्या मनातील आहेत.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील घराघरांत कचरू, धोंड्या, दगडू या नावांच्या जागी गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे आली. दृष्ट लागू नये म्हणून अशी ओबडधोबड नावे इतर जातींतही ठेवीत, हे खरे. परंतु ज्यांच्यावर जुगुप्सित नाव शास्त्रानेच लादले होते, त्यांच्यासाठी हे नामांतर मनूच्या त्या नियमाला दिलेले उत्तर होते. 1972 साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातील भाषा ओंगळ आहे अशी ओरड झाली. त्या ओरड्यात शब्दांची किळस होती, त्या शब्दांमागील जगण्याची नव्हती. वेरंज ब्राह्मणाची चूक हीच होती.

पधान सुत्तातील मारसेनेच्या यादीत शेवटी आत्मस्तुती व परनिंदा येतात. स्वतःस उंच मानून दुसऱ्यास तुच्छ लेखणे, हाही माराचा सैनिकच. जातीच्या नजरेने दुसऱ्याच्या देहात वा नावात विरूप पाहणारा मनुष्य म्हणूनच त्या भिंतीवरील सेनेच्या पंक्तीत उभा असतो. पितळखोऱ्याचा ठेंगणा यक्ष त्या पंक्तीत नाही आणि लकुण्टक भद्दियही नाहीत.