जिबिलिस्को, जुझेप्पे

(५ जानेवारी १९७९ – ). इटलीचा बांबू उडीपटू. २००३ चा जगज्जेता. जन्म सिसिलीतील सिराक्यूज येथे. इटलीच्या वित्तीय पोलीस दलाच्या 'फ्यामे जाल्ले' या क्रीडासंघाकडून तो खेळे. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) तो सहभागी झाला होता.

जागतिक विजेतेपद : ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ५·९० मी. उडी मारून सुवर्णपदक मिळविले. तो इटलीचा नवा राष्ट्रीय विक्रम ठरला. दक्षिण आफ्रिकेचा ओकर्ट ब्रिट्स व स्वीडनचा पॅट्रिक क्रिस्टियान्सन हे दोघेही ५·८५ मी.वर थांबले. बांबू उडीत जागतिक अजिंक्यपद मिळविणारा हा पहिला इटालियन.

तंत्र : बांबू उडीपटू सर्गेई बुबकाला घडविणारे प्रशिक्षक व्हिताली पेत्रोव्ह यांच्याकडे तो इटलीतील फोर्मिया येथे शिकला, त्यामुळे त्याची उडी पेत्रोव्ह पद्धतीतील होती. तीत बांबूचे टोक धावेच्या सुरुवातीस उंच धरतात व शेवटच्या पावलांच्या लयीत हळूहळू खाली आणतात. टोक बांबू रोवण्याच्या पेटीच्या मागच्या भिंतीला आदळते न आदळते तोच पाय जमीन सोडतो. त्या क्षणी वरचा हात पूर्ण ताणलेला असतो आणि उड्डाणाचा पाय जवळजवळ त्याच्याच खाली पडलेला असतो. पाय जमिनीवर असतानाच बांबू वाकू लागला, तर धावेचा वेग वाया जातो. खालच्या हाताने बांबू ढकलून वाकवणेही या पद्धतीत वर्ज्य आहे. त्याऐवजी शरीराचा झोका अखंड ठेवून पाय डोक्यावर नेले जातात व काचतंतूंचा बांबू सरळ होताना उडीपटू वर फेकला जातो.

नंतरची कारकीर्द : अथेन्स ऑलिंपिकमध्ये (२००४) ५·८५ मी.सह कांस्यपदक; अमेरिकेचे टिमोथी मॅक (५·९५ मी.) व टोबी स्टीव्हन्सन (५·९० मी.) पुढे होते. २००५ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक विजेतेपद नेदरलँड्सच्या रेन्स ब्लॉमकडे गेले. उत्तेजक द्रव्यांविषयीच्या एका तपासाच्या आधारे २००७ मध्ये जिबिलिस्कोवर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. क्रीडा लवादाने ती २००८ मध्ये रद्द केली. त्यानंतर तो बीजिंग (२००८) व लंडन (२०१२) ऑलिंपिकमध्ये उतरला.

इतर : पुढे तो बॉबस्ले या बर्फावरील घसरगाडीच्या खेळाकडे वळला.